मनगटातला कंप

४ फेब्रुवारी

आज दिग्दर्शकाला शब्द देऊन आले. त्याच्या नव्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाला एकट्या व्हायोलिनची धून हवी आहे. ती मी रचणार आणि मीच कॉम्प्युटरवर तयार करून देणार. वाजवायला माणूस लागणार नाही. तो म्हणाला, "कॉम्प्युटरचं व्हायोलिन मी ऐकलंय. आइस्क्रीमच्या गाडीसारखं वाजतं." मी म्हटलं, तुम्ही ज्यांचं ऐकलंत त्यांनी जन्मात व्हायोलिन खांद्याला लावलं नसेल. मी शाळेत असल्यापासून लावलंय. यावर त्याची नजर माझ्या डाव्या हातावर आली आणि लगेच छताकडे गेली. लोकांची नजर अशी छताकडे जाते, याची आता सवय झालीय. छत बघून झालं की ते हो म्हणतात. हाही म्हणाला.

अट एकच. महिनाअखेरपर्यंत धून पटली नाही, तर तो बाजूवालीला बोलावून तिच्याकडून वाजवून घेणार. बाजूवाली म्हणजे आमच्या वाद्यवृंदात माझ्या शेजारी बसायची ती. गाडीचं सरकतं दार माझ्या हातावर बंद झालं त्या दिवसापासून ती माझ्या जागेवर बसते. कोणीतरी बसणारच होतं. तिला मी काही म्हणत नाही. फोनही उचलत नाही.

आणि हे इथे लिहूनच ठेवते, म्हणजे घरच्यांच्या डोळ्यांत ते आशेचे दिवे लागले की मला दाखवता येईल: मी वाजवणं सोडलंय. हे वाजवणं नाही. हे तांत्रिक काम आहे.

७ फेब्रुवारी

मागच्या खोलीतले वाळत घातलेले कपडे बाहेर काढले, इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं केलं आणि कॉम्प्युटर, कीबोर्ड मांडला. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "कपडे कुठे वाळणार मग?" मी म्हटलं, गॅलरीत. त्या म्हणाल्या, गॅलरीत कबुतरं आहेत. मी म्हटलं, कबुतरांनाही कपडे लागतात. नवरा मध्ये पडला नाही. तो ड्रायव्हिंग शाळेत गाडी शिकवतो. घरात काही तापलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो, नसलेल्या ब्रेकवर. आजही दाबला गेला. मी पाहिला.

व्हायोलिन आलं. म्हणजे फाइली आल्या. कोण कुठली एक बाई कुठल्यातरी बंद खोलीत बसली आणि तिनं एकेक सूर सुटा वाजवला, हळू, जोरात, लांब, आखूड, असे हजारो. ते सगळे आता माझ्या कीबोर्डखाली आहेत. मी पट्टी दाबली की तिचा गज ओढला जातो. वरच्या एका सुराआधी तिनं नाकानं श्वास घेतलेला ऐकू येतो. तो कोणी पुसला नाही. मी तो सूर उगाचच पुन्हा पुन्हा वाजवला. बाईची चारही बोटं चांगली असणार. असू देत.

९ फेब्रुवारी

धून रचायला वेळ लागला नाही. ती गेले वर्षभर डोक्यात बसूनच होती बहुतेक. रडारड कंपावरून आहे.

सासूबाईंनी विचारलं म्हणून त्यांना सांगितलं: व्हायोलिनवर सूर धरला की ते बोट तारेवर किंचित मागे-पुढे डोलवायचं असतं. त्यानं सुरात थरथर येते. तो कंप. तो नसेल तर सूर काठीसारखा सरळ वाटतो. तो असेल तर कोणीतरी बोलतंय असं वाटतं. त्या म्हणाल्या, मग डोलव की. मी म्हटलं, कोणाचं बोट डोलवू?

त्या बाईनं प्रत्येक सूर दोनदा वाजवून ठेवलाय, एकदा कंपासहित, एकदा सरळ. आधी कंपवाले वापरले. प्रत्येक सूर पहिल्या क्षणापासून थरथरतो, आणि तोच सूर पुन्हा आला की पुन्हा अगदी तस्साच थरथरतो. तीच लाट, त्याच जागी. पाठांतर करून आलेल्या मुलासारखं. मग सरळ सुरानं सुरुवात करून हळूच कंपवाल्यावर नेऊन पाहिलं. मध्ये क्षणभर दोन बाया वाजवतायत असं ऐकू येतं. एकटी हवी आहे आणि मधोमध दोघी होतात.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आज दिवसभर खोलीत डास होता का गं?"

१२ फेब्रुवारी

कंपवाले सूर टाकून दिले. तिचा कंप तिला लखलाभ. तिचे सरळ सूर तेवढे घेतले आणि कंप यंत्राकडून घातला. त्यात सोय असते. वेग सांगा, खोली सांगा, यंत्र सूर वरखाली हलवतं. ऐकलं आणि मीच खिडकीतून रस्त्यावर पाहिलं, रुग्णवाहिका आली का म्हणून. इतकी गोल, इतकी सारखी लाट माणसाच्या हातून निघतच नाही. माणूस सुरात आल्यावर आधी जरा स्थिर राहतो, मग कंप सुरू करतो, मग तो वाढवतो, आणि कुठे कंटाळतो, कुठे घाबरतो.

सासूबाईंनी त्यांची खुर्ची बोळात आणून ठेवली, अगदी माझ्या दारासमोर. इथे वारा येतो म्हणे. मला आत-बाहेर करताना रोज ती ओलांडावी लागणार. त्यांची दुपारची मालिका सुरू होती, तिचा आवाजही बंद करून ठेवलेला. नुसती तोंडं हलत होती. मला टोचायला माणसं किती कष्ट घेतात.

१६ फेब्रुवारी

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण चार दिवस माऊस हातातून सुटला नाही. आता प्रत्येक लाट हातानं काढतेय. पडद्यावर सुराची सरळ रेघ असते, तिच्यावर मी एकेक वळण काढते. काही गोष्टी पटल्या. लाट सुराच्या खाली जाऊन सुरावर परत आली पाहिजे. वर गेली की चढलेला सूर वाटतो. आवाजही लाटेबरोबर किंचित कमी-जास्त व्हायला हवा, नाहीतर कंप सुरावर चिकटवल्यासारखा वाटतो. हे सगळं मला ठाऊकच होतं, पण कधी विचारून घेतलं नव्हतं. हाताला ठाऊक होतं, मला आत्ता कळलं.

वळणं मुद्दाम वेडीवाकडी काढली. पण मुद्दाम काढलेलं वेडंवाकडं लगेच ओळखू येतं. सासूबाईंचं आजचं प्रशस्तिपत्र: "डास गेला. आता कोणीतरी थंडीनं कुडकुडतंय."

मी म्हटलं, तुम्ही मालिका बघा.

१९ फेब्रुवारी

पहिला खर्डा घेऊन तालमीला गेले. मुख्य काम करणाऱ्या मोठ्या बाई साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना दिग्दर्शकही अहोजाहो करतो. शेवटच्या प्रवेशात त्या एक शब्द बोलत नाहीत. अंगणात दोरीवर कपडे आहेत. घरातली माणसं एकेक करून गेलेली आहेत. बाई एकेक कपडा काढतात, घडी घालतात, आत जातात. बस. एवढ्यावर माझी धून.

धून वाजली. मोठ्या बाईंनी घड्या घातल्या. दिग्दर्शक खाली बसून हनुवटी खाजवत होता. संपल्यावर म्हणाला, "बरं आहे."

बरं आहे. डॉक्टरही हेच म्हणाले होते. रोजच्या कामाला हात बरा आहे. रोजचं काम म्हणजे काय, हे त्यांनी कुठे वाचलं, विचारायला हवं होतं.

मोठ्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या की धून त्यांच्यासाठी थांबत नाही, त्यांनाच तिच्यामागे पळावं लागतं. मी म्हटलं, ध्वनिमुद्रित आहे, ती कशी थांबेल? त्या म्हणाल्या, हो, तेही खरंच. आणि शाल घेऊन निघून गेल्या.

२२ फेब्रुवारी

बाजूवाली घरी आली. न कळवता. कळवलं असतं तर मी घरी नसते, हे तिला माहीत आहे. सासूबाईंनी तिला स्वतःहून चहा केला. मला दुखत असताना सुद्धा "तुझा तू घे" म्हणणाऱ्या बाईनं.

तिला मागच्या खोलीत घेतलं नाही. बाहेरच बसलो. ती म्हणाली, दिग्दर्शकाकडून कळलं, धून फार सुरेख आहे. हवं असेल तर मी येऊन वाजवून देते, नाव तुझंच, कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, "तुझी बोटं तुझ्याकडेच ठेव."

तिनं कपातला चहा संपवला. मग म्हणाली, "तू रागावलीस तरी चालेल. पण आमच्यात तुझ्यासारखा कंप आजही कोणाचा नाही. मी तीन वर्षं शेजारी बसून चोरायचा प्रयत्न केला. जमला नाही."

तिला निरोप द्यायला मी उठले नाही. सासूबाई खाली गेटपर्यंत गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. काय एवढं बोलायचं होतं, देव जाणे. आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघ्यांचं एवढं काय असतं?

२४ फेब्रुवारी

आज हरले होते. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण दिवस तिथे संपला नाही.

सकाळी सगळ्या लाटा पुसून टाकल्या. धून आता नुसती सरळ सुरांची उरली, काठ्या उभ्या केल्यासारखी. दिग्दर्शकाला फोन करून सांगायचं ठरवलं, बोलवा तिला. त्याआधी एकदा शेवटचं ऐकावं म्हणून तिसऱ्या ओळीतला लांब सूर लावून ठेवला. तो तसाच फिरत राहील अशी सोय केली आणि टेबलावर हात टाकून बसले. किती वेळ, माहीत नाही.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "तुझा हात का हलतोय? थंडी वाजतेय का?"

मी म्हटलं, नाही हलत. त्या म्हणाल्या, मग मला म्हातारपणी असं दिसतंय वाटतं. मी खाली पाहिलं. डावा हात टेबलावर उताणा पडला होता तो कधीतरी पालथा झाला होता. मधलं बोट, जे वाकत नाही, ते सपाट टेबलाला टेकलेलं. आणि मनगट मागे-पुढे, मागे-पुढे. सूर सुरू व्हायच्या क्षणी थांबायचं. सूर स्थिरावला की सुरू व्हायचं.

मी हात उचलला. सूर पुन्हा आला. हात पुन्हा ठेवला. मनगट पुन्हा सुरू.

कंप बोटात कधी नव्हताच. बोट फक्त तारेला टेकलेलं असतं. हलतं ते मनगट, आणि त्याच्या मागे अख्खा हात. गाडीच्या दारानं तीन बोटं निकामी केली. मनगटाला त्यानं हात लावलेला नाही. आणि वर्षभरात एकाही डॉक्टरला, मला सुद्धा, हे विचारायचं सुचलं नाही.

सासूबाई अजून दारातच होत्या. मी त्यांना म्हटलं, जरा बाजूला व्हा, मला दुकानात जायचंय. त्या म्हणाल्या, जा, कपडे मी आत घेते.

२७ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानातून बोटानं चालवायची रबरी पट्टी आणली. हातभर लांब, फुटपट्टीएवढी रुंद. बोट टेकवलं की पट्टीला कळतं ते कुठे आहे, आणि किंचित सरकलं तरी कळतं. ती कॉम्प्युटरला जोडली आणि सांगितलं: बोट मागे गेलं की सूर थोडा उतरव, आवाज केसभर कमी कर, बोट जागेवर आलं की सूर जागेवर आण. उजव्या हाताखाली कीबोर्ड, पायाखाली पेडल. त्यानं गजाचा जोर वाढवायचा, कमी करायचा.

टेबलावर पट्टीची उंची जमेना, कोपर हवेत लटकायचं. नवऱ्यानं न विचारता एक फळी कापून तिरकी बसवून दिली. बसवताना म्हणाला, "शिकाऊ माणूस असाच बसतो, सगळं अंग ताठ. खांदा सोड." मी म्हटलं, मी शिकाऊ नाही. त्याचा पाय दाबला गेला.

पण खांदा सोडला.

२८ फेब्रुवारी

सकाळी चाचणी. दुपारी चाचणी. मनगट दुखतंय, पण हे दुखणं ओळखीचं आहे. हातावर गरम पाण्याची पिशवी घेऊन लिहितेय. डाव्या हाताची नखं पट्टीवर अडकत होती, ती पार मुळापर्यंत कापली. उजव्या हाताची कशाला कापायची.

दिग्दर्शकाला फोन करून चार दिवस मागून घेतले. दिले.

सासूबाईंचा विचित्र प्रश्न: "किती वेळ सराव करणार अजून?" सराव नाही, चाचणी, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल.

२ मार्च

एक गोष्ट सुटत नव्हती ती सुटली. मी सगळ्या सुरांना कंप घालत होते, मिळाला म्हणून. जसं एखाद्याला पगार झाल्यावर दिसेल ते घ्यावंसं वाटतं. आज अर्ध्या सुरांचा काढून घेतला. पळते सूर सरळ. ओळीच्या सुरुवातीचा सूर सरळ, मग जरा उशिरानं, आतून आल्यासारखा कंप. सर्वांत उंच सूर, जिथे लोकांना वाटतं की आता हिचा ऊर भरून येणार, तिथे एकदम सरळ ठेवला. अंगावर काटा आला. माझ्याच. आपल्याच कामानं काटा येणं हे निर्लज्जपणाचं लक्षण आहे, पण इथे कोण वाचतंय.

त्या अनोळखी बाईचे सूर आणि माझं मनगट. ती कुठे असेल, तिला काही कल्पना नसेल. तिचा श्वास मी तसाच ठेवलाय.

जेवताना सासूबाई डासाचं काही बोलल्या नाहीत. थंडीचंही नाही. नुसत्या जेवल्या. टोमणा सुद्धा सुचत नाही, इतकं वाईट झालंय का?

३ मार्च

सकाळी ध्वनिमुद्रण पाठवलं. दुपारी दिग्दर्शकाचा फोन. आवाज थंड. तो म्हणाला, धून उत्तम आहे, पण मला फसवलेलं आवडत नाही. मला आधी कळेचना. मग तो म्हणाला, हे बाजूवालीनं वाजवलंय. यंत्र असं वाजवत नाही. आणि तिनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हे काम तुम्हाला द्यावं, तेव्हाच मला यायला हवा होता संशय. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत.

एका फोनमध्ये किती गोष्टी कळाव्यात माणसाला. काम बाजूवालीनं मिळवून दिलं. मी खोटारडी ठरले. आणि हे सगळं ऐकताना मला खदाखदा हसावंसं वाटत होतं, कारण त्यानं नकळत जे म्हटलं ते आजवर कोणी म्हटलं नव्हतं: यंत्र असं वाजवत नाही.

हसले नाही. म्हटलं, "उद्या थिएटरवर येते. सगळं सामान घेऊन. तुमच्या नाकासमोर करून दाखवते. आणि तिलाही बोलवा, हात खिशात घालून उभं राहायला सांगा."

फोन ठेवल्यावर बाजूवालीला फोन केला. वर्षभरात पहिल्यांदा. विचारलं, माझ्यावर दया करायला तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, दया कसली, मला चार ओळी रचता येत नाहीत, त्यानं मला धून रचायला सांगितली असती तर काय केलं असतं? मला हे पूर्ण पटलं नाही. पण ती उद्या येणार आहे. खिशाचा कोट घालून येते म्हणाली.

४ मार्च

नवऱ्यानं शाळेची गाडी आणली, मागे मोठ्या लाल अक्षरांत शिकाऊ लिहिलेली. तिच्यात फळी, पट्टी, पेडल, कॉम्प्युटर. सासूबाईही निघाल्या. म्हटलं, तुम्ही कशाला? म्हणाल्या, घरी बसून काय ऐकू, भिंती?

थिएटरात सामान मांडताना हात गार पडले. मला कळेना, तांत्रिक काम करताना असं का व्हावं. आजवर कितीतरी वेळा बसलेय त्या खड्ड्यात, रंगमंचासमोरच्या, वाद्यवृंदाच्या. आज विंगेत बसले होते. दिग्दर्शक समोर खुर्ची घेऊन बसला, हाताची घडी घालून. बाजूवाली त्याच्या बाजूला उभी, दोन्ही हात खरोखर खिशात. मोठ्या बाई तालमीसाठी आलेल्या, त्याही थांबल्या.

सुरू केलं. तिसऱ्या सुरावर पाय चुकला, पेडल जास्त दाबलं गेलं, गज किंचाळला. थांबले. दिग्दर्शक काही बोलणार होता. मी म्हटलं, पुन्हा घेते. आणि खांदा सोडला.

दुसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलं. मध्ये कधीतरी मी त्यांच्याकडे बघायचं विसरले. वर पाहिलं तेव्हा दिग्दर्शकाचे हात सुटलेले होते आणि तो माझ्या हाताकडे बघत होता. सरळ हाताकडे. छताकडे नाही.

तो म्हणाला, माझं चुकलं. बाजूवालीनं खिशातून हात काढले, नाक पुसलं आणि पुन्हा खिशात घातले.

मग मोठ्या बाई बोलल्या. "हे ध्वनिमुद्रण कशाला हवंय? ही रोज इथे बसेल. माझी घडी झाली की हिचा सूर संपेल."

मी म्हटलं, नाही. मी हे एकदा करून देणार होते, रोजचं नाही. मी आता वाजवत नाही.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मागच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला: "मग आत्ता काय करत होतीस?"

६ मार्च

हो म्हटलंय. पण माझ्या अटींवर, आणि त्या मी दिग्दर्शकाला उभं करून ऐकवल्या.

एक, माझा आवाज वरच्या मोठ्या स्पीकरमधून येणार नाही. एकटं व्हायोलिन छतातून कसं येईल? एक छोटा स्पीकर विंगेत, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. आवाज नाही पोचला तर लोक कान देतील. दिग्दर्शक म्हणाला, शेवटच्या रांगेचं काय? मी म्हटलं, शेवटची रांग गप्प बसेल, तेच आपल्याला हवंय.

दुसरी अट अशी, की जाहिरातीत माझ्या हाताविषयी एक अक्षर येणार नाही. त्याच्या डोक्यात होतं ते. "जखमी हाताची किमया" वगैरे त्यानं लिहूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, लोकांनी हळहळत ऐकलं तर मी केलं काय मग? त्यांना व्हायोलिन ऐकू दे. कोणी विचारलंच तर सांगा, विंगेत एक बाई बसते. तो म्हणाला, तिकिटं खपतील. मी म्हटलं, मग गाडीचं ते दारच त्यांना दाखवा, ते माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होईल. यावर त्यानं कागद माझ्यासमोर फाडला. तुकडे मी उचलून कचऱ्यात टाकले, नंतर चिकटवायला नकोत.

११ मार्च

रोज मोठ्या बाईंबरोबर तालीम. त्या रोज वेगळ्या घड्या घालतात. एक दिवस पटापट, रागानं. एक दिवस एकाच टॉवेलशी खेळत बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर डोळा ठेवते. खांदा उतरला की माझा सूर उतरतो. हे कोणी शिकवलेलं नाही, वाद्यवृंदात गज बघून गज ओढायची सवय.

नवरा संध्याकाळी घ्यायला आला. परतताना मी विचारलं, चेहरा असा का केलास? म्हणाला, तू गाडीत बसल्यापासून गुणगुणतेयस. मी म्हटलं, नाही. त्यानं पाय दाबला. या वेळी खऱ्या ब्रेकवर, सिग्नल होता.

१५ मार्च

पहिला प्रयोग झाला.

विंगेतला गार वारा, अंधार, माझ्या कॉम्प्युटरचा निळा उजेड, त्यावर कापड टाकलेलं. तिसरी घंटा झाली तेव्हा बोटं इतकी गार पडली होती की पट्टीला ती कळतील का, अशी भीती वाटली. शेवटचा प्रवेश येईपर्यंत हात काखेत धरून बसले.

मोठ्या बाई दोरीपाशी आल्या. पहिली ओळ नीट गेली. दुसरी. उंच सूर सरळ ठेवला, आणि समोर काळोखात कोणीतरी खोकत होतं ते थांबलं. शेवटचा कपडा म्हणजे एक शर्ट. त्याची घडी घालायची, आत जायचं, माझा शेवटचा सूर त्यांच्या पाठीवर संपायचा, असं ठरलेलं.

बाईंनी शर्ट काढला आणि घडी घातलीच नाही. तो तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. हे तालमीत कधी झालं नव्हतं. माझा शेवटचा सूर चालू झालेला. पुढे काही नाही. दिग्दर्शक समोरच्या विंगेतून हातवारे करत होता, संपवा की काय, कळेना. मी त्याच्याकडे पाहणं सोडलं.

धरून ठेवला. कंप हळू केला, मग अगदी बारीक, मग बंदच केला. सूर नुसता सरळ उभा. पाय पेडलवर केसाकेसानं मागे आणला. बाई हलत नव्हत्या. एवढं मोठं थिएटर, आणि त्यात एक सूर आणि एक शर्ट. मनात आलं, आता हा तुटणार. मग त्यांचा खांदा किंचित वर आला. श्वास घेतला त्यांनी. मी मनगट सोडलं. कंप आला, एवढासा, आणि त्या त्याच्याबरोबर चालू लागल्या. दार लागलं तेव्हा मी पट्टीवरून बोट उचललं.

मग टाळ्या आल्या.

पडदा पडल्यावर मोठ्या बाई सरळ माझ्याकडे आल्या, तो शर्ट हातात तसाच. "थांबलीस," एवढंच म्हणाल्या. दिग्दर्शक धावत आला, म्हणाला, हे ठरवा, रोज असंच करायचं. आम्ही दोघींनी एकदमच नाही म्हटलं. बाजूवालीनं मला मिठी मारली, मी मारू दिली. सासूबाई लांब उभ्या होत्या, नवऱ्याच्या रुमालानं चष्मा पुसत. इथे फार धूळ आहे म्हणाल्या. मला तरी दिसली नाही.

सामान आवरत असताना रंगमंचाचा व्यवस्थापक आला. सगळ्यांना उद्याच्या वेळा सांगत फिरत होता. म्हणाला, तंत्रज्ञांनी सहाला यायचं, वादकांनी पाचला. तुम्हाला कशात धरू?

मी म्हटलं, पाचला येईन. मनगट गरम व्हायला वेळ लागतो. आणि विंगेतला तो पंखा उद्यापासून बंद पाहिजे, हात गार पडतो. आणि माझ्यामागून कोणी ये-जा करायची नाही.

तो म्हणाला, "वादकांची नाटकं फार असतात."

"असतातच," मी म्हटलं.